फिनॉलचे जैविक अपघटन : मृदाजीवाणूंची कार्यपद्धती व तिच्या मर्यादा

सारांश

फिनॉल हे कोळसा, खनिज तेल, रेझीन, औषधे व रंग या उद्योगांच्या सांडपाण्यात आढळणारे प्रमुख प्रदूषक आहे. जंतुनाशक म्हणून प्रसिद्ध असलेला हा पदार्थ मातीतील काही जीवाणू कार्बन व ऊर्जेचा एकमेव स्रोत म्हणून वापरतात. प्रस्तुत लेखात फिनॉलचे वलय उघडण्याची जैवरासायनिक क्रिया, तिचे ऑर्थो व मेटा हे दोन मार्ग, फिनॉलच्या विषारीपणापासून जीवाणूंचा होणारा बचाव आणि ऑक्सिजनची गरज यांचे विवेचन केले आहे. एकाच पदार्थाचे विष होणार की अन्न, हे त्याचे प्रमाण, ऑक्सिजनची उपलब्धता आणि विकरांच्या साखळीची पूर्णता यांवर ठरते. म्हणून फिनॉल ‘नाहीसे होणे’ आणि त्याचे ‘पूर्ण अपघटन होणे’ यांत भेद करणे अध्यापन, संशोधन व सांडपाणी प्रक्रिया या तिन्ही क्षेत्रांत आवश्यक आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : फिनॉल, कॅटेकॉल, स्यूडोमोनास, ऑक्सिजिनेज, वलयभेदन, सक्रियित गाळ, जैविक उपचार

१. प्रस्तावना

फ्रीडलिब फर्डिनांड रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३४ मध्ये दगडी कोळशाच्या डांबरापासून एक आम्लधर्मी पदार्थ वेगळा केला व त्यास ‘कार्बॉलिक आम्ल’ असे नाव दिले. हेच फिनॉल होय. पुढे इंग्लंडमधील कार्लाइल या गावी सांडपाण्याची दुर्गंधी घालविण्यासाठी त्याचा उपयोग होऊ लागला. ही वार्ता ग्लासगो येथील शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांच्या वाचनात आली. ऑगस्ट १८६५ मध्ये त्यांनी अस्थिभंग झालेल्या एका ११ वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बॉलिक आम्लाची पट्टी बांधली व जखम न चिघळता भरून आली. शस्त्रक्रियेतील जंतुविरोधी पद्धतीचा पाया असा घातला गेला. कार्बॉलिक साबणाचा उग्र वास स्वच्छतेचे चिन्ह मानला जाऊ लागला, तो याच परंपरेतून.

या इतिहासातील एक विसंगती लक्षणीय आहे. सांडपाण्यातील सूक्ष्मजीव मारण्यासाठी जो पदार्थ वापरला गेला, तोच आज सांडपाण्यातून काढून टाकण्यासाठी सूक्ष्मजीवांचे साहाय्य घेतले जाते. ‘जीवाणू फिनॉल खातात’ एवढ्या विधानाने या विसंगतीचा उलगडा होत नाही. कोणते जीवाणू, कोणत्या परिस्थितीत, कोणत्या पायऱ्यांनी आणि कितपत, हे प्रश्न शिल्लक राहतात. त्यांची उत्तरे मिळाल्याशिवाय एखादे शुद्धीकरण केंद्र आज सुरळीत का चालते व उद्या अचानक का कोलमडते, हे कळू शकत नाही.

२. प्रदूषक म्हणून फिनॉल

बेंझीनच्या सहा कार्बनी वलयावरील एका हायड्रोजनच्या जागी हायड्रॉक्सिल गट आला म्हणजे फिनॉल तयार होते. आज जगातील बहुतांश फिनॉल क्युमीन प्रक्रियेने तयार केले जाते व या प्रक्रियेत अ‍ॅसिटोन हे सहउत्पादन म्हणून मिळते. फिनॉल-फॉर्माल्डिहाइड रेझिने, बिस्फिनॉल-ए, औषधे, रंग व कीडनाशके यांच्या निर्मितीत ते लागते. ज्या उद्योगांत फिनॉल हे उत्पादन नसते, तेथेही ते सांडपाण्यात उतरते. पोलाद कारखान्यांतील कोक भट्ट्या, कोळशाचे वायुकरण आणि खनिज तेलाचे शुद्धीकरण ही त्याची ठळक उदाहरणे होत. कोक भट्ट्यांच्या सांडपाण्यात फिनॉल एकटे नसते. त्याच्या जोडीला क्रिसॉले, अमोनिया, सायनाइड व थायोसायनेटही असतात. पुढील विवेचनाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे.

फिनॉल पाण्यात बऱ्यापैकी विरघळते, त्यामुळे ते मातीतून झिरपून भूजलापर्यंत पोहोचू शकते. जलचरांना ते अल्प प्रमाणातही अपायकारक असते. शिवाय पिण्याच्या पाण्याचे निर्जंतुकीकरण करताना क्लोरीन वापरल्यास त्याच्याशी फिनॉलचा संयोग होऊन क्लोरोफिनॉले बनतात व पाण्यास अत्यंत अप्रिय चव आणि वास येतो. याच कारणाने पेयजलासाठीच्या भारतीय मानकात (आय. एस. १०५००, २०१२ ची आवृत्ती) फिनॉलवर्गीय संयुगांची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ०.००१ मिलिग्रॅम व पर्यायी स्रोत नसल्यास अनुज्ञेय मर्यादा ०.००२ मिलिग्रॅम ठेवली आहे. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधील सामान्य मानकांनुसार नदीनाल्यांसारख्या अंतर्गत जलाशयांत सोडावयाच्या सांडपाण्यासाठी ही मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम, तर सार्वजनिक मलवाहिनीसाठी ५ मिलिग्रॅम आहे. नदीत सोडण्यास मान्य असलेले प्रमाण पेयजलाच्या स्वीकार्य मर्यादेच्या हजारपट आहे, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. मधले अंतर नदीतील पाण्याची विपुलता आणि तेथील जीवाणू यांनी भरून काढावे, अशी अपेक्षा त्यात गृहीत धरलेली असते. उन्हाळ्यात नदीचा प्रवाह आटला म्हणजे ही अपेक्षा प्रायः जीवाणूंवरच येऊन पडते.

३. ही क्षमता मातीत कोठून आली?

औद्योगिक फिनॉलचे वय दोन शतकांहून कमी आहे. मातीतील जीवाणू मात्र त्याच्या अपघटनासाठी लागणारी विकरे पूर्वीपासून बाळगून आहेत. याचे कारण निसर्गातच आढळते. वनस्पतींच्या काष्ठमय भागातील लिग्निन हे फिनॉलवर्गीय घटकांचे बनलेले एक प्रचंड बहुवारिक आहे. पालापाचोळा व लाकूड कुजताना या घटकांचे लहान तुकडे मातीत सुटतात. प्रथिनांतील टायरोसीन या अमिनो आम्लाच्या विघटनातूनही फिनॉल व पॅरा-क्रिसॉल निर्माण होतात. ज्या जीवाणूला बेंझीनचे वलय उघडता येते, त्याला इतरांना न पचणारे अन्न उपलब्ध होते. या लाभामुळे ही क्षमता टिकून राहिली असावी, असे मानणे सयुक्तिक ठरते.

फिनॉलचे अपघटन करणाऱ्या जीवाणूंत स्यूडोमोनास प्रजातीचा, विशेषतः स्यूडोमोनास पुटिडाचा, सर्वाधिक अभ्यास झाला आहे. अ‍ॅसिनेटोबॅक्टर व ऱ्होडोकॉकस या प्रजातींतही ही क्षमता आढळते. जीवाणूंखेरीज कँडिडा ट्रॉपिकॅलिस यांसारखे किण्व (यीस्ट) देखील फिनॉलवर वाढतात. स्टॅनिअर, पॅलेरोनी व डुडोरॉफ यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणविषयक अभ्यासाने स्यूडोमोनास जीवाणू किती विविध कार्बनी संयुगांवर वाढू शकतात, हे पद्धतशीरपणे दाखवून दिले.

४. पहिली पायरी : फिनॉलपासून कॅटेकॉल

बेंझीनचे वलय रासायनिकदृष्ट्या स्थिर असते, कारण त्यातील इलेक्ट्रॉन सहाही कार्बन अणूंवर विखुरलेले असतात. ते थेट तोडणे कठीण जाते. म्हणून जीवाणू प्रथम वलयाला आणखी एक हायड्रॉक्सिल गट जोडतो. फिनॉल हायड्रॉक्सिलेज हे विकर हवेतील ऑक्सिजनच्या रेणूतील एक अणू वलयावर बसविते व दुसऱ्या अणूचे पाणी होते. यातून कॅटेकॉल हे दोन लगतचे हायड्रॉक्सिल गट असलेले संयुग तयार होते. अशा विकरांना मोनोऑक्सिजिनेज म्हणतात.

या पायरीबाबत दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली गोष्ट अशी की, तीत ऊर्जा मिळत नाही, उलट खर्च होते. पेशीला आपल्याजवळील क्षपणकारक सहविकर (एनएडीएच किंवा एनएडीपीएच) वापरावे लागते. शेतकऱ्याने पीक येण्यापूर्वी बियाणे खर्ची घालावे, तशी ही गुंतवणूक असते. उपासमारीने क्षीण झालेल्या पेशीला ती परवडत नाही. दुसरी गोष्ट अशी की, येथे ऑक्सिजन श्वसनासाठी नसून अभिक्रियेतील एक घटक म्हणून लागतो. स्यूडोमोनासच्या काही जाती ऑक्सिजनच्या अभावी नायट्रेटवर श्वसन करू शकतात. परंतु फिनॉलचे वलय या मार्गाने उघडण्यासाठी नायट्रेट ऑक्सिजनची जागा घेऊ शकत नाही.

स्यूडोमोनासच्या सीएफ६०० या बहुचर्चित प्रकारात फिनॉलपासून क्रेब्ज चक्रापर्यंतच्या संपूर्ण साखळीची १५ जनुके एका मोठ्या प्लाझ्मिडवर सलग मांडलेली आढळतात. त्यांतील पहिली सहा जनुके फिनॉल हायड्रॉक्सिलेजशी संबंधित आहेत. ही जनुके सदैव कार्यरत नसतात. डीएमपीआर नावाचे नियामक प्रथिन फिनॉलच्या रेणूला प्रत्यक्ष जोडले जाते व त्यानंतरच जनुकांचे कार्य सुरू होते. म्हणजेच फिनॉल हे येथे अन्न आहे, तसेच त्या अन्नाच्या आगमनाची वर्दीही आहे. मात्र अधिक सोयीचे अन्न उपलब्ध असल्यास ही वर्दी दुर्लक्षिली जाते. स्यूडोमोनास जीवाणू सक्सिनेटसारखी कार्बनी आम्ले असेपर्यंत सामान्यतः वलयी संयुगांकडे वळत नाहीत. त्यामुळे मिश्र सांडपाण्यात फिनॉल शेवटपर्यंत शिल्लक राहण्याचा संभव असतो.

५. वलयभेदनाचे दोन मार्ग

कॅटेकॉल तयार झाल्यावर वलय तोडण्याचे दोन मार्ग आहेत. ऑर्थो मार्गात कॅटेकॉल १,२-डायऑक्सिजिनेज हे विकर दोन हायड्रॉक्सिल गट धारण करणाऱ्या कार्बन अणूंच्या मधोमध वलय तोडते. यातून सिस,सिस-म्युकोनेट बनते. मेटा मार्गात कॅटेकॉल २,३-डायऑक्सिजिनेज हे विकर त्या जोडीच्या लगत, बाहेरच्या बाजूस वलय तोडते व २-हायड्रॉक्सिम्युकोनिक सेमिअल्डिहाइड हे पिवळे संयुग तयार होते. पहिल्या विकरात लोह फेरिक, तर दुसऱ्यात फेरस स्वरूपात असते. दोन्ही विकरे ऑक्सिजनच्या रेणूतील दोन्ही अणू पदार्थात समाविष्ट करतात.

ही शेवटची गोष्ट आज पाठ्यपुस्तकात एका ओळीत येते. परंतु एके काळी ती मान्य होणे कठीण होते. जैविक ऑक्सिडीकरण म्हणजे पदार्थातून हायड्रोजन काढून घेणे होय, असा समज तोवर प्रबळ होता. १९५५ मध्ये ओसामू हायाइशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्यूडोमोनासपासून मिळविलेल्या विकरावर ऑक्सिजन-१८ या जड समस्थानिकाच्या साहाय्याने प्रयोग केला. कॅटेकॉलपासून बनलेल्या म्युकोनेटमध्ये आलेले दोन्ही ऑक्सिजन अणू हवेतील ऑक्सिजनचे असून पाण्यातील नव्हेत, हे त्यावरून सिद्ध झाले. हॉवर्ड मेसन यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे अन्य विकराबाबत असाच निष्कर्ष काढला. ऑक्सिजिनेज या विकरवर्गाची ओळख अशा रीतीने मातीतील जीवाणूच्या अभ्यासातून झाली.

पुढील कार्बनचा हिशेब सोपा आहे. ऑर्थो मार्गात सहा कार्बनी म्युकोनेटचे म्युकोनोलॅक्टोन व नंतर बीटा-कीटोअ‍ॅडिपेट होते. शेवटी त्याचे चार कार्बनी सक्सिनिल व दोन कार्बनी अ‍ॅसिटिल असे दोन भाग होतात. मेटा मार्गात फिनॉलपासून आलेल्या सहा कार्बनांपैकी एक कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने बाहेर पडतो, तीन कार्बनांचे पायरुव्हेट बनते व उरलेल्या दोन कार्बनांचे अ‍ॅसिटाल्डिहाइड होऊन त्यापासून अ‍ॅसिटिल को-एंझाइम-ए मिळते. दोन्ही मार्गांचा शेवट क्रेब्ज चक्रात होतो. एकदा तेथे पोहोचल्यावर कार्बन फिनॉलमधून आला की शर्करेतून, हा भेद पेशीच्या दृष्टीने उरत नाही. काही कार्बन ऊर्जेसाठी जळतो, काही नव्या पेशींच्या घडणीत जातो.

या पायऱ्यांचा क्रम कसा ठरविला गेला, हेही उद्बोधक आहे. रॉजर स्टॅनिअर यांनी १९४७ मध्ये ‘समकालिक अनुकूलन’ ही पद्धती मांडली. फिनॉलवर वाढलेल्या पेशींना पुढच्या पायरीवरील पदार्थ दिल्यास त्या विलंब न लावता त्याचे ऑक्सिडीकरण करतात; मार्गाबाहेरील पदार्थ दिल्यास त्यांना नवी विकरे तयार करावी लागतात व त्यासाठी वेळ जातो. केवळ ऑक्सिजन-शोषणातील हा विलंब मोजून मार्गावरील व मार्गाबाहेरील पदार्थ वेगळे करता आले.

दोन मार्गांतील निवड व्यवहारातही महत्त्वाची ठरते. क्रिसॉलांपासून बनणारी मिथिल कॅटेकॉले मेटा मार्गाने सहज पुढे जातात. ऑर्थो मार्गात मात्र त्यांपासून न पचणारी लॅक्टोने साचू शकतात. याउलट ३-क्लोरोकॅटेकॉल मेटा मार्गात शिरल्यास त्यापासून अत्यंत क्रियाशील असे अ‍ॅसिल क्लोराइड बनते व ते विकरालाच निकामी करते. क्लोरीनयुक्त कॅटेकॉले हाताळण्यासाठी सुधारित ऑर्थो मार्ग असलेले जीवाणू लागतात. क्रिसॉले व क्लोरोफिनॉले एकत्र असलेल्या सांडपाण्यात एकाच जातीचा जीवाणू क्वचितच पुरा पडतो, तो या कारणाने.

६. विषाचा सामना

फिनॉल पेशीत शिरण्यासाठी वाहक प्रथिनाची आवश्यकता नसते. उदासीन पीएचला त्याचा रेणू विद्युत्भाररहित असल्यामुळे तो पेशीपटलातील मेदात विरघळून सहज आत जातो. अन्न म्हणून ही सोय असली तरी विषारीपणाचे मूळही तिच्यातच आहे. पेशीपटलात साचलेले फिनॉल त्याची घट्ट बांधणी सैल करते. पोटॅशियम आयन बाहेर गळतात व ऊर्जानिर्मितीसाठी आवश्यक असलेला पटलावरील विद्युत्भार ढासळतो. लिस्टर यांच्या पट्टीखालील जंतू मारण्यात या क्रियेचा मोठा वाटा होता.

स्यूडोमोनास पुटिडाने यावर उपाय शोधला आहे. पेशीपटलातील असंतृप्त मेदाम्ले सामान्यतः ‘सिस’ म्हणजे वाकलेल्या आकाराची असतात. फिनॉलचे प्रमाण वाढताच पेशी त्यांतील काहींचे रूपांतर सरळ आकाराच्या ‘ट्रान्स’ मेदाम्लांत करते. सरळ साखळ्या एकमेकींशेजारी दाट बसतात व पटल पुन्हा घट्ट होते. स्यूडोमोनास पुटिडा पी८ या प्रकारातील हे रूपांतर हायपीपर व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये वर्णिले. यासाठी नवे मेदाम्ल तयार करावे लागत नाही, त्यामुळे वाढ थांबलेल्या पेशीही हा बचाव करू शकतात.

तथापि या बचावालाही सीमा आहे. साध्या अन्नाचे प्रमाण वाढविल्यास जीवाणूंचा वाढीचा वेग आधी वाढतो व नंतर एका कमाल पातळीवर स्थिरावतो. फिनॉलच्या बाबतीत तो स्थिरावत नाही. कमाल बिंदू ओलांडल्यावर उतरू लागतो. हे वर्तन हॉल्डेन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समीकरणाने मांडतात. अँड्र्यूज यांनी १९६८ मध्ये ते सूक्ष्मजीवांच्या वाढीसाठी वापरले. कमाल बिंदू नेमका कोठे येतो, हे जीवाणूची जात, तापमान व पूर्वानुकूलन यांवर अवलंबून असते.

या वक्राचा व्यावहारिक अर्थ गंभीर आहे. कमाल बिंदूच्या अलीकडे फिनॉल थोडे वाढले तर जीवाणू अधिक वेगाने ते खातात व व्यवस्था आपोआप सावरते. बिंदूच्या पलीकडे मात्र फिनॉल वाढले की खाण्याचा वेग घटतो. वेग घटला की फिनॉल आणखी साचते व वेग आणखी घटतो. हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले म्हणजे व्यवस्था स्वतः सावरू शकत नाही. कारखान्यातील एखादी टाकी धुऊन तिचे पाणी एकाच वेळी प्रक्रिया केंद्रात सोडले, तर काही तासांच्या चुकीची भरपाई करण्यास कित्येक दिवस लागू शकतात. म्हणूनच समतोलन टाकी, म्हणजे येणारा भार एकसारखा करणारी टाकी, ही जैविक प्रक्रियेतील गौण बाब मानता येत नाही.

७. ऑक्सिजनचा हिशेब

फिनॉलचे पूर्ण ऑक्सिडीकरण होताना त्याच्या एका रेणूस ऑक्सिजनचे सात रेणू लागतात व कार्बन डायऑक्साइडचे सहा आणि पाण्याचे तीन रेणू तयार होतात. वजनाच्या भाषेत ९४ ग्रॅम फिनॉलला २२४ ग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमला सुमारे २.३८ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. लिटरमागे १०० मिलिग्रॅम फिनॉल असलेल्या पाण्याची सैद्धांतिक गरज २३८ मिलिग्रॅम होते. याउलट २५ अंश सेल्सिअसला हवेच्या सान्निध्यातील शुद्ध पाण्यात लिटरमागे केवळ ८ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळतो. कार्बनचा काही भाग पेशींच्या घडणीत जात असल्याने प्रत्यक्ष गरज यापेक्षा कमी असते. तरीही तफावत प्रचंड राहते.

या साध्या गणितातून दोन निष्कर्ष निघतात. एक, स्थिर डबक्यात किंवा पाण्याने गच्च भरलेल्या मातीत जीवाणू असूनही हे वायुजीवी अपघटन लवकरच थांबते; अडचण जीवाणूंची नसून हवेची असते. दोन, वायुवीजनासाठी लागणारी वीज हा फिनॉलच्या जैविक उपचारातील टाळता न येणारा खर्च आहे. पंखे बंद ठेवून केलेली बचत अखेर प्रवाहात सोडलेल्या फिनॉलच्या रूपाने वसूल होते.

ऑक्सिजनच्या पूर्ण अभावी निसर्गाने वेगळा मार्ग अवलंबिला आहे. थॉएरा अ‍ॅरोमॅटिका हा नायट्रेटवर श्वसन करणारा जीवाणू प्रथम फिनॉलला फॉस्फेट जोडतो, नंतर कार्बन डायऑक्साइड जोडून ४-हायड्रॉक्सिबेंझोएट बनवितो व पुढे बेंझॉइल को-एंझाइम-ए मार्गे वलयाचे क्षपण करून ते उघडतो. या मार्गात ऊर्जेचा मोठा वाटा खर्ची पडतो. खोलवरच्या मातीत व भूजलात मात्र त्याचे महत्त्व मोठे आहे.

८. प्रयोगशाळेतील पडताळणी

फिनॉल-अपघटक जीवाणू वेगळे करणे हा महाविद्यालयीन प्रकल्पांचा आवडता विषय आहे व तो असणे इष्टही आहे. खनिज क्षारांच्या माध्यमात फिनॉल हा एकमेव कार्बनस्रोत ठेवून त्यात मातीचा नमुना घालतात व वारंवार पुनर्रोपण करून जीवाणू समृद्ध करतात. शिल्लक फिनॉल ४-अमिनोअँटिपायरीन पद्धतीने, लाल रंगाच्या तीव्रतेवरून मोजतात. तथापि निष्कर्ष काढताना काही पथ्ये पाळावी लागतात.

पहिले, जीवाणू न घातलेला व मृत जीवाणू घातलेला असे दोन नियंत्रण-चंबू ठेवल्याशिवाय बाष्पीभवन व अधिशोषण यांमुळे झालेली घट वेगळी करता येत नाही. दुसरे, वरील रंगपद्धती पॅरा स्थानी मिथिल गट असलेल्या फिनॉलांना, उदाहरणार्थ पॅरा-क्रिसॉलला, बहुतांशी दाद देत नाही. म्हणून प्रत्यक्ष सांडपाण्यातील एकूण फिनॉलवर्गीय भार तीत कमी दिसू शकतो. तिसरे व सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फिनॉल शून्यावर आले तरी काम पूर्ण झाले असे ठरत नाही. साखळी मध्येच तुटल्यास कॅटेकॉल साचते. ते स्वतः विषारी असून हवेत ऑक्सिडीकरण पावून तपकिरी रंगाचे पदार्थ बनविते. म्हणून फिनॉलच्या जोडीला रासायनिक ऑक्सिजन मागणी अथवा एकूण कार्बनी कार्बन मोजणे आवश्यक ठरते.

अपघटनाचा मार्ग ओळखण्यासाठी महाग उपकरणे लागत नाहीत. जीवाणूंच्या वसाहतींवर कॅटेकॉलचे द्रावण फवारल्यावर पिवळा रंग आल्यास मेटा मार्गाचे विकर असल्याचे समजते. हा रंग आम्लात मावळतो व अल्कलीत परत येतो. पिवळा रंग न आल्यास टोल्युइनने निष्प्राण केलेल्या पेशींना कॅटेकॉल देऊन नंतर रॉथेरा परीक्षा करतात. गडद जांभळा रंग बीटा-कीटोअ‍ॅडिपेटचा, म्हणजेच ऑर्थो मार्गाचा निदर्शक असतो. पदवी स्तरावरील विद्यार्थ्यांना चयापचयाचा मार्ग डोळ्यांनी पाहण्याची ही दुर्मीळ संधी होय.

९. चंबूपासून शुद्धीकरण केंद्रापर्यंत

आर्डन व लॉकेट यांनी १९१४ मध्ये मँचेस्टर येथील कामाच्या आधारे मांडलेली सक्रियित गाळ पद्धती आजही फिनॉलयुक्त सांडपाण्यासाठी वापरली जाते. या गाळात एक जीवाणू नसून एक समाज नांदत असतो. त्यातील सर्व सभासद फिनॉलला सारखेच तोंड देत नाहीत. अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू फिनॉलला विशेष संवेदनशील असतात. परिणामी कोक भट्ट्यांच्या सांडपाण्यात आधी फिनॉल हटविल्याशिवाय अमोनिया हटत नाही. अशा पाण्यात नायट्रोजन भरपूर परंतु फॉस्फरस अपुरा असतो, त्यामुळे तो बाहेरून द्यावा लागतो. फॉस्फरसच्या अभावी जीवाणू संख्येने वाढू शकत नाहीत, मग त्यांची विकरे कितीही कार्यक्षम असोत.

जीवाणूंना संरक्षण देण्याचेही उपाय आहेत. अल्जिनेटसारख्या बहुवारिकाच्या मण्यांत बंदिस्त केलेल्या स्यूडोमोनास पेशी मुक्त पेशींपेक्षा अधिक फिनॉल सहन करतात, हे बेटमान व रेम यांनी १९८४ मध्ये दाखविले. पूर्णमिश्रित टाकीत येणारे फिनॉल तत्काळ सर्वत्र विखुरते व जीवाणूंभोवतीचे प्रमाण कमी राहते. नैसर्गिक जैवपटलातही आतील थरांना असेच संरक्षण मिळते.

याउलट बाजारातील जीवाणूंची भुकटी टाकली की प्रश्न सुटतो, ही अपेक्षा बहुधा निराशा करते. बाहेरून आणलेला जीवाणू चंबूत एकटा असतो. केंद्रात मात्र त्याला स्पर्धक, त्याला भक्ष्य करणारे आदिजीव, सायनाइड आणि बदलते तापमान या सर्वांना तोंड द्यावे लागते. त्याच केंद्रातील किंवा त्याच परिसराच्या मातीतील अनुकूलित जीवाणू टिकण्याची शक्यता अधिक असते. महाराष्ट्रात तेलशुद्धीकरण व रसायन उद्योगांची मोठी केंद्रे आहेत. नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी) १९५८ पासून, प्रथम केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था या नावाने, सांडपाणी-प्रक्रियेच्या क्षेत्रात कार्यरत आहे. अशा प्रदेशात स्थानिक मातीतील जीवाणूंचा अभ्यास हा केवळ शैक्षणिक उपक्रम राहत नाही.

१०. समारोप

फिनॉल जंतुनाशक आहे व फिनॉल जीवाणूंचे अन्न आहे, ही दोन्ही विधाने खरी आहेत. लिस्टर यांच्या पट्टीत त्याचे प्रमाण अधिक होते आणि तेथील जंतूंपाशी ते पचविण्याची साधने नव्हती. मातीतील स्यूडोमोनासपाशी ती साधने आहेत. पण प्रमाण मर्यादित असेल, हवा पुरेशी असेल, नायट्रोजन व फॉस्फरस मिळत असतील आणि साखळीतील प्रत्येक विकर कार्यरत असेल, तरच ती उपयोगी पडतात. यांपैकी एकही अट मोडली तर तोच जीवाणू त्याच पदार्थाने मरतो, किंवा काम अर्धवट टाकून कॅटेकॉलसारखा अवशेष मागे ठेवतो.

यावरून जैविक उपचाराकडे पाहण्याची दृष्टी ठरते. निसर्ग प्रदूषण आपोआप पचवितो, या समजुतीला येथे आधार मिळत नाही. त्याचबरोबर फिनॉलसारख्या विषावर रासायनिक उपायांखेरीज इलाज नाही, हेही खरे नाही. जीवाणूंची क्षमता मोठी परंतु सशर्त आहे, आणि त्या शर्ती पाळणे ही जबाबदारी जीवाणूंची नसून भार सोडणाऱ्यांची व केंद्र चालविणाऱ्यांची आहे. विज्ञानाच्या वर्गात कॅटेकॉलचा पिवळा रंग दाखविताना या शर्तींचाही परिचय करून दिला, तर जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र या विषयांची सांगड विद्यार्थ्यांच्या मनात सहज घातली जाईल.